काठ शाबूत, अंगाची चाळण

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात किंवा पवनीला मागावर विणलेली जुन्या पद्धतीची करवती साडी घ्या. तिचे अंग टसर रेशमाचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत कोशाचे. काठ मात्र सुती. विणकर तीन धोटे चालवतो, दोन काठांसाठी आणि एक अंगासाठी. जिथे रेशमाचा धागा सुताच्या धाग्यात अडकून परत फिरतो, तिथे करवतीच्या दात्यांची ती ओळखीची नक्षी उमटते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या साडीचे कौतुक सगळेच करतात, पण तिचा एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. पेटीतल्या कपड्यांना कीड लागली तर ती कोणती, हे ओळखायला करवतीइतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

रेशीम आणि लोकर हे प्राणिज तंतू, म्हणजे प्रथिने. सूत वनस्पतीचे, म्हणजे सेल्युलोज. एकाला जे पचते ते दुसऱ्याला पचत नाही. साडीच्या अंगाला जागोजाग भोके पडली आहेत आणि काठ शाबूत आहेत, तर खाणारी अळी भुंगेऱ्याची किंवा पतंगाची. अंगाला धक्का नाही, पण खळ दिलेले काठ वरवर खरवडल्यासारखे झाले आहेत, तर ती कसर. काठ आणि अंग दोन्ही एकाच जागी कुरतडून आरपार गेले आहेत, तर उंदीर किंवा रातकिडा. आणि फक्त घडीच्या रेषेवर सरळ चिरा पडल्या असतील, तर कीड नाहीच. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम तिथे मोडले आहे.

बहुतेक घरांत मात्र या चारही प्रकरणांवर औषध एकच असते: डांबराच्या गोळ्या. उंदरावर त्यांचा काही परिणाम नाही, घडीवर मोडलेल्या रेशमाला त्यांचा उपयोग नाही, आणि रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात भुंगेऱ्याच्या अळीचेही त्या फारसे बिघडवत नाहीत. आधी काय खाल्ले ते पाहायचे, मग कुणी खाल्ले ते ठरवायचे आणि उपाय त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो.

खरा चोर केसाळ आहे

रेशमाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान करणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा कीटक म्हणजे डर्मेस्टिडी कुळातला भुंगेरा. त्याचे दोन प्रकार घरात नेहमी सापडतात. अँथ्रेनस हा २ ते ४ मिलिमीटरचा, गोलसर, पाठीवर पांढरे-पिवळे-तपकिरी ठिपके असलेला. अ‍ॅटाजेनस थोडा लांबट, काळपट किंवा तपकिरी. दोघेही प्रौढ झाले की कपड्याला तोंड लावत नाहीत. फुलांतले पराग आणि मध खातात. म्हणून ते उजेडाकडे धावतात आणि खिडकीच्या चौकटीत मरून पडलेले दिसतात. थंडी सरून ऊन तापू लागले आणि खिडकीच्या कडेला असे चार-पाच बारीक भुंगेरे सापडले, तर ते बाहेरून आत आले असे समजू नका. बहुधा ते आतून बाहेर निघाले होते.

कपडा खाते ती त्यांची अळी. ती ४ ते ७ मिलिमीटर लांब, तपकिरी पट्ट्यांची आणि अंगभर केसांची असते. उजेड दिसला की घडीच्या आत सरकते, त्यामुळे जिवंत अळी सहसा हाती लागत नाही. हाती लागते ती तिची कात. वाढताना अळी पुन्हा पुन्हा कात टाकते. हलकी, पोकळ, केसाळ टरफले घडीत आणि पेटीच्या कोपऱ्यात साचतात. जाळे नाही, धागे नाहीत, फक्त स्वच्छ कडांची विखुरलेली भोके आणि ही टरफले, एवढा पुरावा पुरेसा आहे.

या अळीची दोन वैशिष्ट्ये तिला चिवट करतात. एक, तिला ओल लागत नाही. अन्नातून मिळेल तेवढ्या पाण्यावर ती जगते, त्यामुळे भंडाऱ्याचा ४५ अंशांचा कोरडा मे महिना तिला मानवतो. दुसरे, तिला घाई नाही. अळीची अवस्था काही महिन्यांपासून वर्षभराहून अधिक चालू शकते आणि मधे अन्न नसले तरी ती बराच काळ तग धरते. दिवाळीला पेटी उघडली तेव्हा सगळे ठीक होते आणि लग्नसराईत उघडली तर शालूची चाळण झालेली, असे होते ते यामुळे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. या अळीचे केस त्वचेला लागले तर काही जणांना पुरळ उठते, खाज सुटते. गाद्या उन्हात टाकून, खाटा उकळत्या पाण्याने धुऊनही ढेकूण सापडत नसेल आणि खाज थांबत नसेल, तर कपाटातल्या घोंगडीची घडी उलगडून पाहावी.

हे येतात कुठून

कीड साडीतून सुरू होते असे वाटते, पण बहुतेक वेळा ती साडीपर्यंत पोहोचलेली असते. निसर्गात हे भुंगेरे मेलेल्या प्राण्यांचे अवशेष साफ करतात: पक्ष्यांची घरटी, त्यांतली पिसे, वाळलेली पाल, गांधीलमाशीचे सोडून दिलेले पोळे, मेलेल्या किड्यांचा थर. कवेलूंच्या घरात यातले काय नसते? वाशांच्या बेचक्यात चिमण्यांची आणि कबुतरांची घरटी, माळ्यावर वटवाघळांची घाण, आणि खाली त्याच माळ्याला लागून लुगड्यांची पेटी.

स्लॅबच्या घरांचीही सुटका नाही. हा धानाचा जिल्हा आहे. धान पिकू लागले की हिरवे तुडतुडे आणि त्यांच्यासोबत इतर हजारो किडे रात्री दिव्यावर येतात. दिवाळीच्या सुमारास ट्यूबलाइटखाली सकाळी केरसुणीने लोटावे लागतील इतके. लोटलेले जातात. पण दिव्याच्या झाकणात, खिडकीच्या खाचेत आणि कपाटामागे पडलेले तसेच वाळतात, आणि भुंगेऱ्याच्या अळीची महिन्यांची बेगमी होते. घरातल्या रेशमासाठी एकच काम करायचे असेल, तर दिवाळीनंतर दिव्यांची झाकणे उघडून पुसा, असे मी सांगेन. गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

कोसा पिकवणाऱ्या आणि विणणाऱ्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळण्याचे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. तलावातली मासेमारीही त्याचीच. हंगामाच्या शेवटी, हिवाळ्यात आलेल्या कोशांतले काही बियाण्यासाठी जिवंत राखून ठेवतात, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत. बाकीच्या कोशांतला जीव उष्णतेने मारतात, पण तो वाळलेला जीव धागा काढेपर्यंत आतच राहतो. पतंग बाहेर पडून भोक पडलेले कोसे वेगळे. त्यांचा सलग धागा निघत नाही, ते कातायला ठेवतात. भुंगेऱ्यांच्या याच कुळातला मोठा भाऊ डर्मेस्टीस याला नेमका हाच माल आवडतो: मेलेले पतंग, वाळलेला कोष-कीटक आणि त्याभोवतीचे रेशीम. म्हणून बियाण्याच्या कोशांच्या खोलीत फुटके कोसे साठवू नयेत, मेलेले पतंग त्याच दिवशी बाहेर काढावेत, हा रेशीम-बीज केंद्रांतला साधा नियम आहे.

आता याच डर्मेस्टीसची दुसरी ओळख पाहा. सुकवलेल्या मासळीला जगभर सर्वांत जास्त उपद्रव देणाऱ्या किडींत तो मोजला जातो. कातड्याच्या गोदामांत तो असतो, आणि काही निसर्गसंग्रहालयांत तर हाडांवरचे मांस साफ करण्यासाठी तो मुद्दाम पाळतात. ज्या घरात मासळी सुकते आणि कोसाही ठेवला जातो, तिथे या दोन वस्तूंमध्ये एक भिंत आणि घट्ट झाकण असणे हा निम्मा उपाय झाला. हे दोन धंदे एकाच अंगणात शतकानुशतके चालत आले आहेत, त्यामुळे जाणत्या घरांत ही शिस्त असतेही. विणलेला माल विकत घेऊन शहरात नेणाऱ्याला मात्र तिची कल्पना नसते.

दिव्यावरचा पतंग निर्दोष असतो

कपडे खाणारा पतंग हा दुसरा आरोपी, आणि त्याच्यावर होणारे बहुतेक आरोप खोटे असतात.

खरा कपड्यांचा पतंग, टिनिओला बिसेलिएला, ६ ते ८ मिलिमीटरचा, फिकट सोनेरी, डोक्यावर तांबूस केसांचा झुपका असलेला. त्याची पक्की खूण रंगात नाही, वागण्यात आहे: तो उजेड टाळतो. कपडा झटकला तर उडून दिव्याकडे जाण्याऐवजी घडीच्या सावलीत पळतो. प्रौढ पतंग काहीच खात नाही. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि त्यांतून निघालेली पांढरी, तपकिरी डोक्याची अळी खाता खाता रेशमी जाळे विणत जाते. भोकाजवळ जाळ्याचे पांढुरके पापुद्रे आणि कपड्याच्याच रंगाची बारीक विष्ठा दिसली तर तो हाच. भुंगेऱ्याच्या कामात जाळे नसते, हा दोघांतला सर्वांत सोपा फरक.

पण या पतंगाला आपला उन्हाळा सोसत नाही. ३५ अंशांच्या वर त्याची वाढ खुंटते. युरोपातली पुस्तके त्याला पहिला मान देतात. भंडाऱ्यात मी त्याला भुंगेऱ्याच्या बराच मागे ठेवीन. तो तग धरतो तो थंड, अंधाऱ्या, न हलवलेल्या लोकरीत. आणि लोकर आपल्याकडे अशीच राहते. नागपूर-भंडाऱ्याच्या हिवाळ्यात सडकेकडेला स्वेटर विकणारे तिबेटी सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. गोठणगाव परिसरातली त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ ची, तेव्हा ती भंडारा जिल्ह्यातच होती, १९९९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून गोंदियात आहे. त्यांच्याकडून घेतलेला स्वेटर आपण दोन महिने घालतो, आणि मानेला घामाचे तेल लागलेला तो तसाच घडी करून दहा महिने कोंडतो. अळीला शुद्ध लोकरीपेक्षा मळलेली लोकर जास्त मानवते.

मग संध्याकाळी दिव्याभोवती फिरणारे ते पिवळसर पाखरू कोणते? धानाच्या जिल्ह्यात ते बहुधा कोठीतून आलेले असते. सिटोट्रोगा नावाचा धान्याचा पतंग आकाराने आणि रंगाने कपड्यांच्या पतंगासारखाच, वाळल्या गवताच्या रंगाचा. त्याची अळी धानाच्या दाण्यात वाढते आणि दाण्याला गोल खिडकी पाडून पतंग बाहेर पडतो. कॉर्सायरा हा तांदळाचा पतंग त्याहून मोठा आणि राखाडी. त्याची अळी तांदूळ आणि कोंडा धाग्यांनी गुंफून गोळे करते. हे दोघेही कपड्याला हात लावत नाहीत. साड्यांत गोळ्या ओतण्याआधी धानाची कोठी उघडून पाहिली तर पुष्कळ घरांत खरा पत्ता सापडेल. उलट बाजूने, गव्हा-तांदळात केसाळ अळ्या दिसल्या तर तो खपरा. तो भुंगेऱ्यांच्याच कुळातला, म्हणून अळी सारखी दिसते, पण त्याला धान्य हवे असते, तुमचा शालू नको.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी चिकटलेली असते आणि जरा वेळाने ती दोन बोटे पुढे सरकलेली दिसते. पावसाळ्यात ओलसर भिंतींवर हा प्रकार हमखास. पिशवीच्या आत पतंगाची अळी असते. ती दोन्ही टोकांनी डोके बाहेर काढू शकते आणि कोळिष्टके, केस, मेलेले किडे खाते. मिळाली तर लोकरही खाते, पण मुळात ती धुळीवर जगणारी आहे. केरसुणीने काढा, कोळिष्टके पाडा, एवढे पुरते. तिच्यासाठी औषध फवारणारे पाहिले की वाईट वाटते.

कसर आणि खळ

कसर म्हणजे बिनपंखांचा, चंदेरी खवल्यांचा, पुढे रुंद आणि मागे निमुळता होत जाणारा किडा. शेपटीकडे तीन लांब दोर. तिला पिष्ट आणि सेल्युलोज पचते. कागद, पुस्तकांच्या बांधणीची खळ, आणि कपड्यांत खळ दिलेले सूत. तांदळाच्या पेजेची खळ आपल्या भागात मागावरच्या ताण्यालाही लागते आणि घरी धुतलेल्या पातळालाही. वापरायच्या कपड्याला ती शोभते. साठवायच्या कपड्यात ती कसरीला वाढलेले ताट ठरते. कसर भोक पाडण्याआधी पृष्ठभाग खरवडते, म्हणून कपडा उजेडासमोर धरला की तो जागोजाग विरळ दिसतो, कधी पिवळट डागही पडतात.

भुंगेऱ्याच्या उलट, कसरीला ओल हवीच. हवेतली आर्द्रता ७०–७५ टक्क्यांच्या वर असली की ती फोफावते. वैनगंगेच्या काठी आणि मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर ही तिची सुगी. ती तीन-तीन वर्षे जगते. म्हणून तिच्यावरचा उपाय औषधाचा नाही, हवेचा आहे: न्हाणीच्या भिंतीला लावलेले लोखंडी कपाट चार बोटे पुढे ओढणे, पावसाळ्यात उघडीप पडली की दारे उघडी ठेवणे, साठवणीच्या सुती साड्या खळ न देता ठेवणे. ती आहे की नाही हे पाहायला काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि आत चमचाभर मैदा टाका. पट्टीवरून ती चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही.

उधईचे वेगळे सांगायला नको. मातीच्या जमिनीवर टेकलेल्या पेटीतले सुती कपडे ती मातीच्या बोगद्यासकट खाते आणि तो पुरावा कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. पेटी विटांवर ठेवा. रातकिडे पावसाळ्यात घरात शिरून मळलेला कपडा कातरतात, झुरळे खळ चाटतात आणि डाग पाडतात. आणि टी-शर्टच्या पोटावर, जीन्सच्या बटनाशी येणारी बारीक भोके घर्षणाची असतात, कोणत्याही किड्याची नाहीत.

पॉलिस्टर कोणालाच पचत नाही. वीस वर्षे कसलीही निगा न राखता 'टसर' साडी निष्कलंक राहिली असेल, तर दुकानदाराने काय दिले होते याचा एकदा विचार करायला हरकत नाही.

ऊन, फ्रीझर आणि गोळ्या

मे महिन्यात पेट्या उघडून कपड्यांना ऊन दाखवण्याची आपली रीत चांगलीच आहे, पण ती काम करते त्यामागचे कारण आपण समजतो ते नाही. या किडींची अंडी, अळी, कोष, काहीही ५५ अंशांवर तासभर टिकत नाही. पण दोरीवर टाकलेला कपडा वाऱ्याने थंड होत राहतो, आणि जाड घडी आतून तापतच नाही. अळी बाहेरच्या थरातून आतल्या थरात सरकते. दोरीवरच्या उन्हाचा फायदा होतो तो झटकण्याने आणि उजेडाने: अळ्या पळतात, गळून पडतात, अंडी सुटतात. म्हणून शिवणी, पदराच्या गाठी आणि कॉलरखालचा भाग मऊ ब्रशने झाडणे हा या रिवाजातला महत्त्वाचा भाग, आणि तोच बहुधा राहून जातो.

उष्णतेने मारायचेच असेल तर मे महिन्याची दुपार आणि टिनाचे छत हे साधन आपल्याकडे फुकट आहे. साडी पातळ पसरून सुती कापडात गुंडाळायची, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि दुपारी दोन-तीन तास टिनावर ठेवायची, मधे एकदा उलटायची. आतले तापमान ५५ च्या वर जाते. सुती वेष्टनामुळे रंगावर थेट ऊन पडत नाही. कपडा पूर्ण कोरडा असला पाहिजे, ही अट.

पावसाळ्यात कीड सापडली तर ऊन कुठून आणणार? तेव्हा फ्रीझर. संग्रहालयांत उणे ३० अंशांना तीन दिवस किंवा उणे १८ ला दोन आठवडे असा हिशेब असतो. घरचा फ्रीझर दुसऱ्या हिशेबातला. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी गार असेपर्यंत उघडायची नाही. उघडली तर बाहेरची दमट हवा रेशमावर पाणी धरते. तोवर वीज किती वेळा गेली याचीही नोंद ठेवावी लागते, हे सांगायला नको.

आता गोळ्या. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. ते थेट वाफ होऊन उडते. ती वाफ दाट साचली तरच अळी मरते, म्हणजे हवाबंद पेटीत. उघड्या कपाटात वास येतो, मरत कोणी नाही. आणि वाफ माणसालाही लागते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात; ही कमतरता मध्य भारतातल्या अनेक समाजांत आढळते. नवजात बाळाला हे सर्वांत घातक. आपल्याकडे बाळाला गुंडाळायला मऊ म्हणून पेटीतले जुने लुगडेच काढतात, तेही अनेकदा न धुता. नॅफ्थलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये संभाव्य कर्ककारक द्रव्यांत धरले आणि युरोपीय संघाने २००८ मध्ये अशा गोळ्यांची विक्री बंद केली. घरात तान्हे मूल किंवा बाळंतीण येणार असेल तर गोळ्या बाहेर, आणि त्यांतले कपडे धुऊन, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाकल्याशिवाय वापरायचे नाहीत. यात मला मध्यममार्ग दिसत नाही.

कडुनिंबाचा पाला घडीत ठेवतात. कडुनिंबाचे मुख्य कीटकरोधक द्रव्य उडून जाणारे नाही. ते खाल्ले गेले तर काम करते, वासाने नाही. शिवाय पाल्याचा भुगा होतो, डाग पडतात, आणि ओल असली तर त्यालाच बुरशी येते. वेखंडाचे मला अधिक पटते: त्यातले बीटा-असॅरोन कीटकांच्या प्रजननात अडथळा आणते, असे प्रयोगांत दिसले आहे. मलमलच्या पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे घालून ती दर वर्षी बदलावी. ही राखण आहे, लागलेल्या किडीवरचे औषध नव्हे.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक बोलले पाहिजे. धानाच्या साठ्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या या जिल्ह्यात दुर्मीळ नाहीत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू राहत्या घरात माणसे मारतो. 'एकच गोळी कपाटात टाकू' हा विचारही करू नये. आणि कोणाला जीवापेक्षा शालू प्यारा असेल तर त्यांच्यासाठी: हा वायू तांबे आणि चांदी खातो, जर काळी पडते.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात आणि काठच्या गावांत शिरला, तेव्हा कपाटांच्या खालच्या खणांतले कपडे दिवसच्या दिवस भिजत राहिले. अशा वेळी पहिला शत्रू कीड नसते, बुरशी असते. ओल्या कपड्यावर ती दोन दिवसांत धरते. गाळ साध्या पाण्याने काढायचा, रेशीम पिळायचे नाही, सावलीत पंख्याखाली पसरायचे. 'ऊन पडेल तेव्हा बघू' म्हणून ओले गाठोडे बांधून ठेवले की पुढच्या महिन्यांत कसर आणि पाठोपाठ भुंगेरे येतात, कारण बुरशीने मऊ पडलेला, मळलेला कपडा दोघांनाही सोपा.

नेहमीच्या साठवणीचे थोडक्यात: रेशीम आणि लोकर धुऊन किंवा ड्रायक्लीन करूनच ठेवावे, तेला-हळदीचा डाग ठेवू नये, धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकची पिशवी वापरायचीच तर कपडा उन्हाळ्यात, पूर्ण कोरडा असताना बंद करावा, आषाढात नाही, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलावी. घडी बदलण्याचा फायदा दुहेरी आहे. रेशीम एका रेषेवर मोडत नाही, आणि अळीला हवी असलेली शांतता मिळत नाही.

भोके आधीच पडलेली साडी हाती आली, आजीची किंवा कोणाच्या पेटीतली, तर तिच्यावर लगेच उपचार करत सुटू नये. ती भोके तीस वर्षांपूर्वीची असू शकतात. साडी झाडून, पांढऱ्या चादरीवर पसरून तिचे फोटो काढा, प्रत्येक भोकाशेजारी कच्च्या रंगीत दोऱ्याचा एक सैल टाका घाला आणि तीच चादर गुंडाळून ठेवून द्या. पावसाळा उलटल्यावर उघडा. टाका नसलेले भोक सापडले किंवा चादरीवर ताजी टरफले दिसली, तर कीड जिवंत आहे. साडी फ्रीझरमध्ये आणि पेटी उन्हात. तसे काही नसेल तर टाके काढून साडी रफूवाल्याकडे द्यावी, कारण आता काम त्याचे आहे.